हायगेटहून वाळकेश्वरला

१९३७ च्या जुलैत पुण्याच्या ‘मराठा’ साप्ताहिकात एका माणसाच्या आठवणी क्रमशः यायला लागल्या. हा ‘मराठा’ म्हणजे अत्र्यांचं दैनिक नव्हे. टिळक, आगरकर आणि चिपळूणकरांनी १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’च्या जोडीनं काढलेलं इंग्रजी पत्र. लेखकाचं नाव मंडयम पार्थसारथी तिरुमल आचार्य. मूळचे मद्रासचे, राहायला मुंबईत, वय पन्नास. ऑक्टोबरपर्यंत हे हप्ते चालले. पाँडिचेरीहून घर सोडून निघालेला विशीतला मुलगा लंडनच्या ‘इंडिया हाउस’मध्ये कसा पोहोचला, तिथं कोण भेटलं, पोट कसं भरलं आणि पुढं बंदूक शोधत मोरोक्कोपर्यंत कसा गेला, हे त्यानं स्वतः सांगितलं.

ही वेळही लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच वर्षी १० मे रोजी ‘इंडिया हाउस’चे पुढारी सावरकर यांच्यावरची रत्नागिरीतली स्थानबद्धता उठली होती. जुलैत मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं होतं. ज्या घराचं नुसतं नाव निघालं तरी पोलिसांच्या वह्या उघडत, त्या घराबद्दल आता छापून बोलता येत होतं. आचार्य बोलले. पण बोलताना ते १९०९ चे क्रांतिकारक राहिलेले नव्हते. मधल्या काळात त्यांनी अराजकवाद स्वीकारला होता. राज्यसंस्था मुळातच नको, माणसांनी आपला कारभार आपसांत ठरवून चालवावा, हे त्यांचं मत पक्कं झालं होतं आणि मरेपर्यंत ते बदललं नाही. सगळे क्रांतिकारक ‘अराजक’ आहेत असं सरकार म्हणत होतं, तेव्हा आचार्यांना फक्त इंग्रज जायला हवे होते. खरोखर अराजकवादी होऊन ते मुंबईत राहायला आले, तेव्हा त्यांची गाठ घ्यायला फारसं कुणी येत नव्हतं.

आचार्यांचा जन्म १५ एप्रिल १८८७ चा. घर अय्यंगारांचं. ‘इंडिया’ या तमिळ पत्राच्या कामात ते लहान वयात पडले; सुब्रमण्य भारती तिथं लिहीत. १९०८ हे वर्ष देशभर धरपकडीचं होतं. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ‘केसरी’तल्या अग्रलेखांवरून टिळकांना २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. मद्रासकडंही तोच वरवंटा फिरत होता. ‘इंडिया’ फ्रेंचांच्या पाँडिचेरीत हलवावं लागलं. तिथंही दिवस कठीण व्हायला लागले, तसे आचार्य कोलंबोमार्गे मार्सेयला निघाले. खिशात फारसं काही नव्हतं. पॅरिसहून ते लंडनला आले, कारण तमिळ क्रांतिकारक व्ही. व्ही. एस. अय्यर तिथं होते आणि त्यांनी बोलावलं होतं.

लंडनच्या हायगेटमधलं ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू, म्हणजेच ‘इंडिया हाउस’. श्यामजी कृष्णवर्म्यांनी विकत घेतलेल्या या घराचं १ जुलै १९०५ रोजी उद्घाटन झालं, ते हाइंडमन या इंग्रज समाजवाद्याच्या हस्ते. पंचवीसेक विद्यार्थ्यांची सोय, व्याख्यानाची खोली, वाचनालय, आणि आठवड्याला सोळा शिलिंगांत राहणं-जेवणं. लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्याला खोली मिळणं तेव्हाही सोपं नव्हतं. म्हणून या घराकडं येणारे सगळे काही बंड करायला येत नसत. बरेच जण डाळभातासाठी येत. रविवारच्या सभांना माणसं जमत ती आधी जेवायला. मला या तपशिलाचं महत्त्व फार वाटतं. चळवळीचा इतिहास आपण खटले, फाशी आणि भाषणं यांच्यावरून लिहितो. आठवणी वाचल्या की कळतं, चळवळ जगत होती ती स्वयंपाकघरात, भाड्याच्या हिशेबात आणि छापखान्यात.

छापखान्याचं तर फारच. सावरकरांनी सत्तावन्नच्या उठावावरचं पुस्तक मराठीत लिहिलं. ते इथं छापायला कुणी धजेना, म्हणून हस्तलिखित परत युरोपात गेलं. जर्मनीत देवनागरी खिळे होते, पण तिथल्या जुळाऱ्यांना मराठी येत नव्हतं. चुकाच इतक्या व्हायला लागल्या की नाद सोडावा लागला. मग इंडिया हाउसमधल्या मुलांनी अय्यरांच्या देखरेखीखाली त्याचं इंग्रजी केलं आणि १९०९ मध्ये ते हॉलंडमध्ये छापलं गेलं. बंदी त्यावर आधीच आलेली होती. खोटी वेष्टनं चढवून प्रती हिंदुस्थानात धाडल्या. पाँडिचेरीत पत्राचं काम करून आलेले आचार्य अशा घरात उपरे वाटण्याचं कारणच नव्हतं.

या घरातली मराठी माणसं मोजकी, पण वजनदार. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट शिष्यवृत्तीवर एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकायला गेले होते. राजवटीविरुद्ध भाषण केलं म्हणून शिष्यवृत्ती गेली आणि ते सावरकरांकडं आले. पुढं बापट, मिर्झा अब्बास आणि बंगालचे हेमचंद्र दास कानुनगो पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकले. हेमचंद्रांनी तर आपल्या वाट्याची मालमत्ता विकून युरोप गाठलं होतं. विद्या देणारा माणूस रशियन होता, निकोलाय साफ्रान्स्की. झारच्या पोलिसांपासून पळालेले रशियन, फ्रेंच अराजकवादी आणि हिंदी विद्यार्थी असे सगळे त्या पॅरिसमध्ये एकमेकांच्या अंगणात वावरत होते. हेमचंद्रांनी १९२८ मध्ये बंगालीत आपल्या आठवणी पुस्तकरूपानं छापल्या, त्यांत ही ओळख कशी झाली आणि तिच्यातून काय हाती लागलं हे येतं. हाती लागलं ते मुख्यतः रसायनशास्त्र आणि गुप्त मंडळ कसं बांधायचं याचं तंत्र. त्या माणसांचा विचार घेण्याची गरज तेव्हा हिंदी मुलांना वाटली नाही. स्वराज्य आलं की राज्य आपलं होणार होतं. राज्यच नको म्हणणाऱ्याशी वाद घालायला वेळ कुणाला होता?

रशियनमधली बॉम्बची पुस्तिका इंग्रजीत आली, इंडिया हाउसमध्ये तिच्या प्रती निघाल्या आणि बापटांनी १९०८ मध्ये ती हिंदुस्थानात आणली. कलकत्त्याच्या माणिकतळ्याच्या बागेत ती सापडली, नाशकात बाबाराव सावरकरांच्या घरझडतीतही सापडली. इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन १९०९ च्या सुरुवातीला ट्रंकेच्या खोट्या तळात वीस ब्राउनिंग पिस्तुलं घालून मुंबईला उतरला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल त्यांतलंच. पुढं याच चतुर्भुजानं सरकारी साक्ष दिली. ज्यानं सगळ्यांना जेवू घातलं होतं त्याच माणसाच्या जबानीवर घरातली पोरं अडकली. त्याला शिव्या देणं सोपं आहे. पण पकडलेल्या गरीब माणसापुढं पोलीस काय ठेवतात, हे कुठल्याही काळात ज्यानं पाहिलं असेल तो जरा थांबेल.

घरात हेरही होते. कीर्तिकर नावाचा एक मराठी तरुण दंतवैद्यकाचा विद्यार्थी म्हणून राहिला आणि स्कॉटलंड यार्डला अहवाल देत राहिला. उघडकीला आल्यावर त्याला हाकललं नाही. घरातलं क्रांतिकारकांचं मंडळ सांगेल तेच अहवाल त्यानं धाडायचे असं ठरलं. दुसऱ्या बाजूनं आचार्यांना मंडळाच्या संमतीनं स्कॉटलंड यार्डचा खबऱ्या म्हणून उभं केलं गेलं, असं सावरकरांच्या चरित्रांत येतं. पोलिसांचे पैसे चळवळीत आणि पोलिसांकडं निवडक थापा. विशीतल्या, परमुलखातल्या मुलावर हे ओझं टाकणं बरोबर होतं का? मला तसं वाटत नाही. अशा दुहेरी कामात माणूस जिवानिशी सुटला तरी त्याच्यावरचा विश्वास शाबूत राहत नाही.

१ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी इंडिया ऑफिसातल्या कर्झन वायली या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. ५ जुलैला कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदी लोकांची निषेधसभा भरली, अध्यक्ष आगाखान. ठराव एकमतानं संमत झाल्याचं जाहीर होताच सावरकर उठून म्हणाले, एकमतानं नाही. पामर नावाच्या बॅरिस्टरनं त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. शेजारी आचार्य होते. त्यांनी हातातली काठी पामरच्या डोक्यात घातली. शालेय पुस्तकांतून सावरकरांचं वाक्य उरलं, काठीवाला गळाला.

धिंग्रांना १७ ऑगस्टला फाशी झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये या गोष्टीत एक खराखुरा अराजकवादी शिरला. श्यामजींचं ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ छापणाऱ्या मुद्रकाला सरकारनं तुरुंगात टाकलं होतं. आता ते छापणार कोण? बाकुनिनच्या नावानं छापखाना चालवणारा गाय आल्ड्रेड पुढं आला. वय बावीस, म्हणजे आचार्यांएवढंच. श्यामजींची मतं त्याला पटत होती असं नाही. छापण्याचा हक्क हिरावला जातो म्हणून त्यानं तो अंक छापला आणि सप्टेंबरमध्ये बारा महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. सुटून आल्यावरही तो थांबला नाही. सावरकर अंदमानात होते तेव्हा, १९१२ मध्ये, आल्ड्रेडनं आपल्या ‘हेराल्ड ऑफ रिव्होल्ट’चा एक अंक त्यांच्यासाठी काढला. हिंदुस्थान न पाहिलेल्या एका इंग्रज मुलानं आपल्या माणसांसाठी तुरुंगवास भोगला. महाराष्ट्रात त्याच्या नावाचा एखादा रस्ता असता तर मला फार बरं वाटलं असतं.

धिंग्रांच्या फाशीनंतर इंडिया हाउस विस्कटलं. आचार्य आणि सुखसागर दत्त मोरोक्कोला निघाले. रिफच्या डोंगरातले लोक स्पॅनिश फौजांशी लढत होते. त्यांच्या बाजूनं लढायचं, लढाई शिकायची, मग घरी यायचं, असा बेत. तो फसला. दत्त परतले, आचार्य लिस्बनमार्गे पॅरिसला मादाम कामांच्या वर्तुळात आले. १९१० च्या मार्चमध्ये सावरकर पकडले गेले, जुलैत मार्सेयची उडी झाली. पुढची दहा वर्षं आचार्य नुसते फिरत होते: बर्लिन, कॉन्स्टँटिनोपल, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियातली गदर मंडळी, महायुद्धात पुन्हा बर्लिन आणि तिथली हिंदी क्रांतिकारकांची समिती, सुएझच्या बाजूला एक फसलेली मोहीम, स्टॉकहोम, मॉस्को, काबूल. १७ ऑक्टोबर १९२० रोजी ताश्कंदमध्ये हिंदी कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्या सात जणांत ते होते. काही महिन्यांतच सहसंस्थापक एम. एन. रॉय यांच्याशी बिनसलं आणि ते बाहेर पडले.

इथं त्यांचं आयुष्य वळलं. क्रांतीनंतरचा रशिया त्यांनी आतून पाहिला. झारचे पोलीस गेले आणि त्यांच्या जागी दुसरे आले. कामगारांच्या नावानं कामगारांनाच गप्प बसवलं जात होतं. मॉस्कोत त्यांनी माग्दा नाखमान या चित्रकार बाईशी लग्न केलं आणि १९२२ मध्ये दोघं बर्लिनला आली. त्याच डिसेंबरमध्ये अराजकवादी कामगार संघटनांच्या नव्या आंतरराष्ट्रीय संघाची स्थापनापरिषद बर्लिनमध्ये भरली, तिला आचार्य हजर होते. रुडॉल्फ रॉकर, अलेक्झांडर बर्कमन ही त्यांची तिथली माणसं. आता विचारांची देवघेव झाली, जी पंधराएक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये राहून गेली होती. युरोपातल्या अराजकवादी पत्रांत ते लिहू लागले, ती पत्रं हिंदुस्थानात धाडू लागले, आणि सरकार ती जप्त करू लागलं.

बॉम्बच्या घरात वाढलेल्या या माणसाला १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात आपला विचार दिसला. सैन्याच्या जोरावर मिळवलेलं राज्य सैन्याच्या जोरावरच चालतं. लोकांनी आज्ञा मानणंच सोडलं तर राज्य आपोआप लुळं पडतं, हे त्यांना गांधींच्या मार्गात पटलं. गांधींच्या सगळ्या गोष्टी त्यांनी मानल्या नाहीत. पण अहिंसेला त्यांनी हतबलांची सोय कधी म्हटलं नाही. पारनेरचे बापटही वेगळ्या वाटेनं याच्या जवळ आले होते. १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी टाटांच्या धरणात बुडू नयेत म्हणून ते लढले. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना त्या लढ्यानं दिली, पॅरिसच्या विद्येनं नव्हे. मुळशीची वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी होती, आणि निर्णय घेताना मावळातल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

मी भिवंडीजवळच्या पूर्ण्यात राहतो. पूर्णा, काल्हेर, राहनाळ, वळ या पट्ट्यात आता भातशेती शोधावी लागते. गोदामं मात्र नजर पोहोचेल तिथवर. सगळ्या मुंबईचा माल इथं येऊन पडतो आणि इथून जातो. तो उचलणारा हमाल रात्री कुठं झोपतो, गोदामाचा कोपरा भाड्यानं देताना त्याच्याशी कुणी चर्चा करतं का, गावच्या खाडीचं काय करायचं हे गाव ठरवतं की दुसरं कुणी, असे प्रश्न इथं रोजचे आहेत. म्हणून आचार्यांचं लिखाण मला जुनं वाटत नाही. जिथं माणसं राहतात आणि कष्ट करतात तिथंच निर्णय व्हावेत, गावांनी आणि कामगारांनी आपसांत जुळवून घ्यावं, मजुरीच्या पट्ट्यात माणसाला बांधून ठेवू नये, हे ते पन्नास वर्षांचे होईतो आणि नंतरही सांगत राहिले. राज्य नसलं की सगळं नीट होईल या त्यांच्या भरवशाशी मी सहमत नाही. गोदामाच्या मालकाला आवरायला कायदा लागतो आणि कायद्यामागं राज्य लागतं, असं मला इथं राहून वाटतं. पण त्यांचा प्रश्न टाळून पुढं जाता येत नाही.

हिटलर आल्यावर बर्लिन सोडावं लागलं. १९३५ मध्ये आचार्य मुंबईला उतरले, पुढच्या वर्षी माग्दा आल्या. वाळकेश्वर-मलबार हिलच्या बाजूला त्यांनी बिऱ्हाड केलं. माग्दा सेंट पीटर्सबर्गमध्ये बाक्स्टकडं चित्रकला शिकल्या होत्या. १९१३ मध्ये कवयित्री मारिना त्स्वेतायेवाचं आणि बर्लिनमध्ये नाबोकोवचं व्यक्तिचित्र त्यांनी केलं होतं. मुंबईत त्या प्रदर्शनांतून चित्रं मांडत, व्यक्तिचित्रं करत, नाटक-नृत्याचे पोशाख आखत. घर मुख्यतः त्यांच्या कुंचल्यावर चाललं. चळवळींच्या इतिहासात अशा बायकांचा उल्लेख ‘पत्नी’ या एका शब्दात उरकतात. त्यांच्या कमाईशिवाय आचार्यांच्या हातात पत्रं लिहायला कागद आणि तिकिटं राहिली नसती.

‘मराठा’तले हप्ते छापले जात असतानाच, २ सप्टेंबर १९३७ रोजी, आचार्यांचे लंडन-बर्लिनपासूनचे जुने सोबती आणि सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांना मॉस्कोत गोळ्या घालून मारण्यात आलं. ही बातमी बाहेर यायला अनेक वर्षं लागली.

मुंबईत आचार्यांना आसरा मिळाला तो रणछोडदास लोटवाला यांच्याकडं. ‘इंदुप्रकाश’चे मालक असलेल्या या गुजराती गृहस्थांनी १९२१-२२ च्या सुमारास श्रीपाद अमृत डांग्यांना मार्क्सवादी पुस्तकं आणि पैसा पुरवला होता. पुढं ते स्वतः राज्यसंस्थेच्या विरोधाकडं वळले. सँडहर्स्ट रोडवरच्या आर्यभुवनात त्यांची अभ्याससंस्था होती. १९४७ नंतर आचार्यांच्या आग्रहानं तिच्या नावात ‘लिबर्टेरियन सोशलिस्ट’ आलं. तिथून पुस्तिका निघाल्या. आचार्य ‘कैसर-ए-हिंद’मध्ये, ‘हरिजन’मध्ये लिहीत. लंडन, पॅरिस, मेक्सिको, जपानमधल्या अराजकवाद्यांशी पत्रव्यवहार चालू होता. लंडनचे आल्बर्ट मेल्त्झर त्यांना पत्रांतून ओळखत. एवढ्या मोठ्या देशात एकट्यानं हा विचार धरून उभं राहणं किती कठीण, असं मेल्त्झर यांनी नंतर लिहून ठेवलं आहे.

१२ फेब्रुवारी १९५१ रोजी, आपल्या चित्रांचं प्रदर्शन उघडायला काही तास असताना, माग्दा गेल्या. प्रदर्शन उघडलं ते श्रद्धांजली म्हणून. आचार्यांना क्षय होता, पैसे नव्हते. बायकोची चित्रं विकून दिवस काढायची वेळ आली. २० मार्च १९५४ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आमच्या ठाणे जिल्ह्यात आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्यासाठी दर २ जानेवारीला सिद्धगडावर माणसं जमतात. ते जमणं योग्यच आहे. आचार्यांच्या मागं गाव नव्हतं, पक्ष नव्हता, जात-नातेवाईकही नव्हते. त्यांच्या आठवणी १९९१ मध्ये बी. डी. यादव यांनी इंग्रजीत पुस्तकरूपानं आणल्या. ओले बिर्क लॉर्सन यांनी २०१९ मध्ये त्यांचे लेख एकत्र केले आणि २०२३ मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं. माग्दांवर लिना बर्नस्टाइन यांचं पुस्तक २०२० मध्ये आलं. हे सगळं काम महाराष्ट्राबाहेर झालं. आठवणी पहिल्यांदा छापल्या गेल्या होत्या पुण्यात, टिळकांच्या पत्रात, आणि ज्यांच्याबद्दल त्या आहेत त्यांतले काही लोक आपल्या घरातले आहेत. मराठी प्रकाशकांना माझी विनंती आहे: ‘मराठा’चे १९३७ चे जुलै ते ऑक्टोबर हे अंक काढा, चांगला अनुवादक शोधा, आणि या आठवणी नीट टिपांसह मराठीत आणा.